दोघंच, दीड-दोन महिने, परदेशात: बडोद्याहून निघणाऱ्या जोडप्यांसाठी

दहा दिवसांच्या टूरमध्ये नवरा-बायको एकमेकांच्या वाट्याला फारसे येतच नाहीत. सकाळी बस, दुपारी बस, उठवायला टूर मॅनेजर, जेवायला चाळीस माणसं. वैताग आलाच तर तो मॅनेजरवर निघतो. दीड-दोन महिन्यांच्या स्वतंत्र मुक्कामात मात्र मॅनेजर नसतो. बडोद्यात एकाचं सकाळचं फिरणं कमाटीबागेत, दुसऱ्याची दुपार भिशीत किंवा भजनी मंडळात, म्हणजे एका घरात राहूनही दोघं दिवसातले सहा-सात तास आपापले असतात. तिकडे एका खोलीच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास समोरासमोर.

म्हणून लांबच्या सहलीची आखणी करताना काय पाहायचं यापेक्षा कसं राहायचं हे आधी ठरवावं. इथे पोर्तुगाल, स्पेन, इटली ही उदाहरणं घेतली आहेत, कारण पन्नाशी-साठीतली, मुलं मार्गी लागलेली बरीच जोडपी युरोपच निवडतात. देश बदलला तरी पायऱ्या त्याच.

पायरी १: तिकिटाआधी एक बैठक

निघायच्या पाच-सहा महिने आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावं: मला तिथे काय करायचंय, आणि काय अजिबात करायचं नाही. मग कागद अदलाबदल करावेत. एकाला रोज नवं शहर हवं असतं, दुसऱ्याला समुद्राकाठी बसून स्वेटर विणायचा असतो. हे लिस्बनच्या चढावर घामाघूम होऊन कळण्यापेक्षा रावपुऱ्यातल्या घरी चहा पिताना कळलेलं बरं.

याच बैठकीत एक अप्रिय विषयही उरकून घ्या. मागे म्हातारे आई-वडील असतील आणि काही बरंवाईट झालं तर कोण परतणार? दोघं की एकजण? भावंडांशीही स्पष्ट बोलून ठेवा. शुभ कामाला निघताना असलं बोलू नये असं आपल्याकडे मानतात, मला ते पटत नाही. हा निर्णय आधी झालेला असला की मध्यरात्री फोन वाजल्यावर निदान आपसात वाद तरी होत नाही. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

पायरी २: ऋतू आणि आपलं पंचांग

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर हा काळ सर्वांत सोयीचा: इकडे बडोदं तापलेलं, तिकडे वसंत. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या सेव्हिलचा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास स्थानिक लोकच सुट्टीवर गेल्याने गल्लीतली दुकानं बंद मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हवेच्या दृष्टीने उत्तम, पण तेव्हा आपल्याकडे गणपती, नवरात्र, दिवाळी. बडोद्याच्या माणसाला नवरात्रात गरब्याचे व्हिडिओ फोनवर बघत परक्या गावात बसणं जमतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. हौशी गरबा खेळणाऱ्यांनी या फंदात पडू नये.

पेन्शनरांनी नोव्हेंबरही लक्षात ठेवावा. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, पण ते परदेशातून पहिल्यांदाच करून बघण्यापेक्षा आदल्या वर्षी घरी करून पाहिलेलं असावं. जुलैत बाहेर असाल तर प्राप्तिकर विवरणपत्र आधीच भरून मोकळे व्हा.

पायरी ३: कागदपत्रं

पासपोर्टचं काम बडोद्यात होतं, व्हिसासाठी मात्र बहुतेकदा अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसावर, २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. नवरा-बायको असले तरी अर्ज दोन, फी दोन, आणि ठसे द्यायला दोघांनी जायचं. एकदा दिलेले ठसे पुढच्या अर्जांना ५९ महिने चालतात.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. पोर्तुगाल १९ रात्री, स्पेन १६, इटली १० असा बेत असेल तर अर्ज पोर्तुगालकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून देणारे एजंट आहेत. त्यांच्या नादी लागू नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सरहद्दीवर ठसे आणि चेहरा नोंदवायची संगणकीय पद्धत सुरू केली आहे, त्यामुळे तुम्ही कधी आत गेलात नि कधी बाहेर पडलात याचा हिशेब आता शिक्क्यांवर अवलंबून नाही.

आता खास आपल्याकडची अडचण: नावं. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाचं नाव पासपोर्टवर 'विनायकराव', आधारवर 'विनायकभाई' आणि बँकेत नुसतं 'विनायक' असू शकतं. बाईंचं तर लग्नाआधीचं, लग्नानंतरचं आणि 'बेन' जोडलेलं, अशी तीन रूपं. अर्जाआधी पासपोर्ट, पॅन, बँक खातं एका रांगेत ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच काढा. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांकडे नोंदणीचा दाखला नसतो. पासपोर्टमध्ये जोडीदाराचं नाव घातलेलं असलं की बरीचशी अडचण सुटते. एकाचंच उत्पन्न असेल तर 'खर्च मी करणार' असं त्याने लिहिलेलं पत्र, त्याचे बँक स्टेटमेंट आणि विवरणपत्रं दुसऱ्याच्या अर्जाला जोडायची.

विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो फक्त व्हिसापुरता घेऊ नका. बीपी, शुगर, जुनं हृदयाचं दुखणं असेल तर अर्जात खरं लिहा आणि 'आधीपासूनचे आजार' या कलमात काय मिळतं ते वाचा. पुष्कळ पॉलिस्यांत जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरतंच मिळतं.

पायरी ४: मुक्काम थोडे, लांब

सहा-सात आठवड्यांत चार, फार तर पाच मुक्काम. याहून जास्त नको. प्रत्येक मुक्काम बदलताना एक दिवस सामान बांधण्यात, एक नवीन जागा लावण्यात जातो, आणि जोडप्यांची निम्मी भांडणं याच दोन दिवसांत होतात. फ्लॅट २८ रात्री किंवा जास्त घेतला तर भाड्याच्या ॲपवर बहुतेकदा महिन्याची सवलत लागू होते. एका शहरात महिना काढून तिथून आसपास जायचं हा पर्यायही वाईट नाही.

फ्लॅट बघताना चार गोष्टी पाहाव्यात. झोपायच्या खोलीला दार असावं. 'स्टुडिओ' स्वस्त पडतो, पण एकाला पहाटे पाचला जाग येते आणि दुसरा घोरतो, अशा दोघांनी त्यात महिना काढू नये. स्वयंपाकघर असावं. कपडे धुवायचं मशीन असावं. आणि लिफ्ट आहे का ते विचारावं, कारण लिस्बन-पोर्तोच्या जुन्या इमारतींत पुष्कळदा ती नसते, आणि त्या शहरांतले चढ नि पावसात निसरडे होणारे दगडी फूटपाथ गुडघ्यांची परीक्षा घेतात.

शहरं जोडताना नकाशावरच्या अंतराला भुलू नका. लिस्बन-पोर्तो रेल्वेने तीन तासांत होतं, आणि ६५ वर्षांवरच्यांना पोर्तुगीज रेल्वेत निम्मं तिकीट पडतं, पासपोर्ट दाखवला की झालं. पण लिस्बनहून सेव्हिलला थेट गाडी नाही, बस धरावी लागते.

पायरी ५: पैसे

पैशांत एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: दोघांकडेही स्वतःचं चालू कार्ड हवं, स्वतःचा पिन पाठ हवा आणि दोघांच्याही फोनमध्ये सगळे कागद हवेत. आपल्याकडे बऱ्याच घरांत व्यवहार एकटा बघतो आणि दुसऱ्याला एटीएमचा पिनही ठाऊक नसतो. परक्या शहरात तो एकटाच तापाने पडला तर? निघण्याआधी महिनाभर घरचा सगळा खर्च ज्याला सवय नाही त्याने करून बघावा. ही रंगीत तालीम कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी.

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाचा आकार बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर जीएसटी. म्हणून फॉरेक्स कार्ड (आधी परकी चलन भरून ठेवायचं कार्ड) किंवा आकार न लावणारं कार्ड घ्यावं. दुकानातलं मशीन 'रुपयांत घेऊ की युरोंत?' असं विचारेल. नेहमी युरो. रुपये निवडलेत की युरोचा दर ते मशीन लावतं. यूपीआय पॅरिसच्या आयफेल टॉवरसारख्या मोजक्या ठिकाणी चालतं, त्याच्या जिवावर जाऊ नये. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दर बजेटगणिक बदलतात, पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

खर्चाचे तीन भाग करा: ठरलेला (विमान, भाडं, विमा), रोजचा, आणि प्रत्येकाचा खाजगी. तिसरा भाग छोटा असला तरी त्याचा हिशेब मागायचा नाही. कोणी त्यातून महागडी कॉफी पिईल, कोणी मातीच्या चिमण्या घेईल. 'याची काय गरज होती' हे वाक्य या भागाला लागू नाही.

पायरी ६: घर बंद करणं

गॅसचा कॉक, पाण्याची मोटर, दूधवाला, पेपरवाला, विजेचं बिल आगाऊ. हे सर्वांना ठाऊक असतं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी त्यात विश्वामित्री नदीही धरावी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यावर पाणी आलं त्यांना सांगायला नको, पण जून ते सप्टेंबरमध्ये बाहेर असाल तर इन्व्हर्टर, फ्रीज, कागदांची पेटी वर हलवून जा, गाडी उंचावर लावायला कुणाला तरी किल्ली देऊन जा.

बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात, त्यामुळे रोमिंग घरूनच चालू करून निघा आणि मधेच रिचार्ज संपणार नाही याची तजवीज करा. इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम वेगळं.

पायरी ७: सामान

एक मध्यम बॅग, एक पाठपिशवी, प्रत्येकी. जितकी बॅग तुम्हाला एकट्याला तिसऱ्या मजल्यावर नेता येते तितकीच तुमची. दुसऱ्याने उचलायची बॅग हे भांडणाचं बीज.

औषधं पूर्ण मुक्कामाची अधिक पंधरा दिवसांची, मूळ पट्ट्यांत, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, आणि निम्मी-निम्मी दोघांच्या हातातल्या बॅगांत. इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. जास्तीचा चष्मा घ्या, दातांचं काम उरकून निघा.

खाण्यात खाखरे, थेपले, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे घरीच. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. दुबईत उतरणार असाल तर खसखस मसाल्यातही नको, तिथे ती बेकायदा आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

पायरी ८: तिथले आठवडे

पहिला आठवडा उत्साहाचा आणि थकव्याचा. झोप घड्याळाशी जुळायला चार-पाच दिवस लागतात, तोवर कुठलंही महागडं तिकीट काढू नका. जवळचा बाजार, बसचा थांबा, औषधाचं दुकान शोधा. दुसरा आठवडा बहुधा सर्वांत छान जातो. घसरण येते ती तिसऱ्यात. संगमरवरी पुतळे एकसारखे दिसू लागतात, वरण-भाताची आठवण येते, मुलांचा फोन आला की आवाज जड होतो आणि क्षुल्लक कारणावरून ठिणगी पडते. ओळखीच्या कितीतरी जोडप्यांकडून हेच ऐकलं आहे, त्यामुळे ती आली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असं समजू नये. तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम काहीही ठरवू नका. चार दिवस घरी स्वयंपाक, दुपारची झोप, संध्याकाळी बागेत बाक.

घसरण सौम्य करायला काही नियम उपयोगी पडतात.

*दिवसाचा कारभारी.* एक दिवस एकाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा. कुठे जायचं, कुठे जेवायचं, कधी परतायचं हे त्या दिवशीचा कारभारी ठरवतो. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही, करायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला. रस्ता चुकला तर कारभाऱ्याचा चुकला, फोन त्याच्या हातात. ज्यांच्या घरात तीस वर्षं एकच माणूस कारभारी होता त्यांना हे पहिले चार दिवस फार जड जातं. पाचव्या दिवसापासून त्या माणसालाच जास्त मोकळं वाटू लागतं.

*आठवड्यातून अर्धा दिवस वेगळं.* बुधवार घ्या की शुक्रवार. एक संग्रहालयात, दुसरा कॅफेत. माद्रिदला असाल तर प्रादो संग्रहालयात शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो. चित्रांची आवड असलेल्याने तेव्हा जावं, नसलेल्याने शेजारच्या रेतिरो बागेत बसावं. भेटायची वेळ आणि जागा कागदावर लिहून दोघांच्या खिशात, कारण फोनची बॅटरी संपते. रात्री जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी उरतं, हा या नियमाचा खरा फायदा.

*आधी जेवण, मग वाद.* स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर. आपल्याला साडेसातला भूक लागते तेव्हा हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद. या दीड तासात पुष्कळ बिनसतं. पिशवीत खाखरे ठेवा. शाकाहारींनी नावांवर जाऊ नये: स्पॅनिश तोर्तियात अंडं असतं, पोर्तुगालच्या हिरव्यागार काल्दो व्हेर्दे सुपात सॉसेजची चकती तरंगत येते, आणि भाजीच्या बशीतही डुकराच्या मांसाचे तुकडे निघू शकतात. 'मांस नाही, मासा नाही, अंडं नाही' हे तीन शब्दसमूह तिथल्या भाषेत लिहून जवळ ठेवा. लिस्बनमध्ये बडोदेकरांना एक सुख आहे. मोझांबिकमार्गे आलेली गुजराती हिंदू मंडळी तिथे पुष्कळ, त्यांचं राधाकृष्ण मंदिर लुमियार भागात आहे, त्यालाच जोडून शाकाहारी कॅन्टीन, आणि 'केम छो' म्हटलं की समोरून गुजराती येतं. डाळ, पीठ, मसाले मार्तिम मोनीझ भागातल्या दुकानांत मिळतात. तिसऱ्या आठवड्यासाठी हा पत्ता राखून ठेवा.

*घरच्यांशी बोलायची एकच वेळ.* दिवसभर फॅमिली ग्रुपवर फोटो टाकत राहिलं की आपण धड इथेही नसतो नि तिथेही नाही. भांडण झाल्याचं मुलांना कळवू नये. संध्याकाळी तुमचं मिटलेलं असतं, ती मात्र आठवडाभर काळजी करतात.

आणि चालण्याचा वेग. एकजण पुढे वीस पावलं, दुसरा मागे, हे चित्र मांडवीच्या गर्दीतही दिसतं, पण तिथे हरवायची भीती नसते. जो हळू चालतो त्याने पुढे चालायचं.

शेवटच्या आठवड्यात 'हे राहिलं, ते राहिलं' अशी घाई सुटते. यादीतलं प्रत्येकी एकच निवडा, बाकी सोडून द्या. स्पेनमधल्या अलहाम्ब्रा राजवाड्यासारखी नावावर मिळणारी तिकिटं मात्र आधीच काढलेली असावीत, आणि तिथे पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो.

पायरी ९: बिघडलं तर

आजारपण: युरोपभर आपत्कालीन नंबर ११२. तातडीचं नसेल तर दवाखान्यात जाण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून केस नोंदवा. साध्या तपासणीचे पैसे सहसा आधी आपण भरून मग मागायचे असतात, त्यामुळे प्रत्येक पावती, प्रत्येक चिठ्ठी जपा.

चोरी: लिस्बनची २८ नंबरची ट्राम, बार्सिलोना आणि रोमच्या मेट्रो खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहेत. दोघांचे पासपोर्ट एकाच पिशवीत कधीही नकोत. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे मिळणारं तातडीचं प्रमाणपत्र फक्त भारतात परतायला चालतं. म्हणजे ते घेतलंत की सहल तिथेच संपली. मुक्काम बराच उरला असेल तर नव्या पासपोर्टला किती दिवस लागतील ते तिथेच विचारून मग ठरवा.

तिसरा प्रकार कागदावर कुठेच नसतो: काही झालेलं नाही, पण एकाला घरी जायचंय. यावर माझं मत सरळ आहे. आधी चार दिवस थांबा, मुक्काम बदला, पोटभर झोपा. तरीही मन लागत नसेल तर परता. भरलेलं भाडं बुडालं म्हणून तीन आठवडे तोंड पाडून राहण्यात कसला शहाणपणा? फक्त परतल्यावर दांडिया बाजारात भेटणाऱ्या प्रत्येकाला काय सांगायचं ते दोघांनी विमानातच ठरवून घ्या, आणि दोघांनी तेच सांगा.

परतल्यावर

विमान बहुतेक मध्यरात्री किंवा पहाटे उतरतं. अहमदाबादला उतरलात तर एक्स्प्रेस-वेने दोन तासांत घर. मुंबईला उतरलात तर लगेच गाडी पकडायच्या भानगडीत न पडता एक रात्र तिथे काढलेली बरी. पुढचे दोन महिने कार्डाची स्टेटमेंट बारकाईने बघा, हॉटेलं आणि गाडी भाड्याने देणारे पुष्कळदा नंतर रक्कम लावतात. उरलेले युरो दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत नोटांच्या रूपात घरी ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे. जुने पासपोर्ट आणि व्हिसे फाडून टाकू नका. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांना पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा.